एकचा स्लॉट

मोबाइलवर क्रूझवाल्यांचा प्रश्न आला होता: बंदरावर किती वाजता येणार? खाली अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी, सकाळी साडेअकरापासून दुपारी अडीचपर्यंत. जळगावच्या घरी रात्रीची जेवणं उरकून आम्ही चौघं त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो होतो. मी चौकटी वाचून दाखवल्या.

“पहिली,” नाना म्हणाले.

“शेवटची,” नवरा म्हणाला.

आईनं विचारलं, “तिथं जेवायला कधी वाढतात?”

तिघांत शहाणा प्रश्न आईचा होता, पण ते मला जहाजात चढल्यावर कळलं.

आई-नानांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुंबई–गोवा–मुंबई अशी क्रूझ मी त्यांच्या गळ्यात मारली होती. गळ्यातच मारली म्हणायला हवं, कारण खानदेशी माणसाला समुद्र काही हाका मारत नाही. आमची तापी सुरतेपुढे जाऊन अरबी समुद्राला मिळते खरी, पण तिच्या काठचे आम्ही लोक सुरतेच्या कापडबाजारापर्यंत जातो, साड्या घेतो आणि माघारी फिरतो. कोकणातल्या माणसाला बोटीच्या वेळा आजोबांच्या तोंडून ठाऊक असतात. आम्हाला ठाऊक गाड्यांच्या वेळा. आमच्या घरात तर त्या जरा जास्तच ठाऊक.

नाना भुसावळला रेल्वेत गार्ड होते. २०२२ पासून गार्डाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. नाना म्हणतात, मॅनेजर खुर्चीत बसतो, मी उभा असायचो. माझ्या लहानपणची रात्र म्हणजे कॉल बॉय, ड्यूटीचा निरोप घेऊन येणारा रेल्वेचा माणूस. रेल्वे क्वार्टरच्या कुंपणाला सायकल टेकवून तो दाराची कडी वाजवायचा, नाना उठून बनियनवरच त्याच्या वहीत सही करायचे आणि सहीपुढे वेळ टाकायचे. वेळ टाकताना मिनिटंसुद्धा. ‘दोन वाजता’ असं नाही, ‘२.०७’. मग आई स्टोव्ह पेटवायची, नाना दाढी करायचे. रात्री दोनला माणूस दाढी का करतो, हे कोडं मला कित्येक वर्षं पडलेलं होतं. त्यांची पेटी तिकडे स्टेशनात असायची, जड, अंगावर पांढऱ्या रंगात नाव घातलेली. आत लाल-हिरवे झेंडे, हातदिवा, फटाक्यांचा डबा आणि नियमांचं पुस्तक. फटाके म्हणजे रुळावर लावायचे, धोक्याची सूचना देणारे, दिवाळीचे नव्हेत. त्यातला एक मिळावा म्हणून माझ्या भावानं दोन दिवस उपास केला होता.

अशा माणसाबरोबर प्रवास करायचा म्हणजे गाडीच्या आधी दोन तास फलाटावर. भुसावळच्या फलाटावर ट्रंकेवर बसून मी जितकी बालमासिकं वाचली तितकी घरी वाचली नसतील. लग्नाला गेलो तर मांडववाले अजून बांबू पुरत असायचे आणि नाना वधूपित्याला विचारायचे, काही मदत हवी का.

नवरा अगदी दुसऱ्या टोकाचा. चोपड्याकडचं केळीचं घर. केळीला घड्याळ नसतं. व्यापारी येतो तेव्हा येतो, घड कापायचे तेव्हा कापायचे, ट्रक संध्याकाळी सांगून पहाटे उभा राहतो आणि तो आपला माल घेतल्याशिवाय हलत नाही. लहानपणापासून ज्याच्यासाठी ट्रक थांबलेला आहे, त्याला जगातलं कुठलं वाहन निघून जाईल अशी भीती वाटत नाही. सासूबाई अमळनेरच्या. आमचा वाद ऐकून त्यांनी फोनवर अहिराणीत निकाल देऊन टाकला: “इतला लवकर जाईसन काय करशात? जहाज काय पयी जाई का?”

मी मग जरा शोधाशोध केली, कारण तिकिटाचे पैसे माझे होते.

आपल्याला वाटतं जहाज सकाळपासून बंदरात आपली वाट बघत सजून उभं आहे. तसं नसतं. ज्या दिवशी आपण चढतो त्याच दिवशी सकाळी आधीचे प्रवासी उतरतात. शेकडो खोल्यांच्या चादरी बदलायच्या, संडास-बाथरूम धुवायचे, खालच्या दारातून भाजी, पीठ, अंडी, पाणी चढवायचं, आधीच्या प्रवाशांतलं कुणी आत राहिलं नाही याची मोजणी करायची, आणि मग नव्यांना घ्यायचं. सगळा खेळ सहा-सात तासांचा. म्हणून वेळेच्या चौकटी. पहिल्या चौकटीतले लोक आत जातात खरे, पण खोली दीड-दोनच्या आधी बहुधा मिळत नाही. तोवर हातातल्या पिशव्या सांभाळत डेकवर नाहीतर जेवणाच्या हॉलात फिरायचं. शेवटच्या चौकटीत गर्दी नसते, पण तिथं दुसरी भानगड आहे. जहाज पाचला सुटणार म्हणजे दार पाचला बंद होतं असं नाही. प्रवाशांची यादी त्याआधीच पुरी करावी लागते, म्हणून चेक-इन तास-दीड तास, कुठे दोन तास आधीच मिटतं. जहाज धक्क्याला दोरांनी बांधलेलं समोर दिसत असतं आणि तुम्ही कागदावर नसता.

ते का थांबत नाही, याचंही कारण साधं आहे. बंदरातून जहाज बाहेर काढायला बंदराचा पायलट, म्हणजे वाट दाखवणारा जाणकार, वर यावा लागतो, ओढायला टग नावाच्या छोट्या बोटी लागतात, आणि ही सगळी मंडळी ठरल्या वेळेची असतात. त्यांच्यामागे दुसरं जहाज रांगेत असतं. धक्क्याचं भाडं तासावर चढतं. दोन माणसांसाठी हे सगळं अडवून धरायला कप्तान काही चोपड्याचा ट्रकवाला नव्हे.

मी नानांना आणि नवऱ्याला दोघांनाही नाराज करून एक ते दीडची चौकट दाबली.

मग आला गाडीचा प्रश्न. जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटर. रात्री बसलं की सकाळी व्हीटी, आणि व्हीटीपासून बॅलार्ड पिअर, म्हणजे आमच्या जहाजाचा धक्का, जेमतेम दीड-दोन किलोमीटर. एकचा स्लॉट, सकाळी मुंबईत. गणित सुटलेलं दिसतं. नाना म्हणाले, “महिना कुठला?” डिसेंबर. “मग उत्तरेकडून येणाऱ्या गाडीचं नाव काढू नका. तिकडे धुकं पडलं की ती भुसावळला कधी येईल ते देवालाही विचारू नये. अमरावतीहून सुटणारी धरा. तिचा रेक, म्हणजे डब्यांची रांग, आपल्याच राज्यात उभा असतो.” आणि हेही की एक दिवस आधी. “गाडी चुकली तर दुसरी गाडी असते. बोट चुकली तर पुढच्या बंदरावर गाठायची का, पोहत?”

नवऱ्याला त्या आठवड्यात कापणी होती. तो म्हणाला तुम्ही व्हा पुढे, मी आदल्या रात्री निघतो.

तर आम्ही तिघं एक दिवस आधी मुंबईत. व्हीटीजवळच्या एका लॉजवर उतरलो. आई-नानांना गेटवे दाखवला, आईनं समुद्राला लांबूनच हात जोडले. रात्री झोप बरी लागली आणि सकाळी माझ्या हिशेबातलं भोक दिसलं: लॉज सोडायची वेळ दहाची. एकच्या स्लॉटला दहा वाजता रस्त्यावर. नानांचा चेहरा उजळला. दहा दहाला आम्ही बंदराच्या फाटकापाशी बॅगांसकट उभे. इतक्या जवळचं भाडं मिळालं म्हणून टॅक्सीवाला अजून मागे वळून पुटपुटत होता.

तिथल्या झाडाच्या सावलीत काढलेले ते तीन तास मला साऱ्या सहलीतले सगळ्यांत जास्त आठवतात, हे जरा लाजिरवाणंच आहे. आईनं दशम्या केल्या होत्या, दुधात भिजवलेल्या कणकेच्या, प्रवासात दोन दिवस मऊ राहणाऱ्या. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि तेलावर परतलेली हिरवी मिरची. घरचं जेवण जहाजात नेऊ देत नाहीत हे मी तिला चार वेळा सांगितलं होतं. “मग बाहेर खाऊ,” ती म्हणाली होती, आणि तसंच झालं. सुटकेसवर वर्तमानपत्र पसरून आईनं डबा उघडला. चटणीचा लाल तेलकट डाग एका मंत्र्याच्या फोटोवर पसरत गेला. आमच्यासमोरून काळे चष्मे लावलेली जोडपी चाकाच्या बॅगा ओढत जात होती. एक तरुण मुलगी थबकली आणि म्हणाली, “काकू, ही दशमी ना?” पारोळ्याची निघाली. तिला एक दिली.

नाना फाटकाकडे तोंड करून बसले होते. मला एक गंमत ठाऊक होती ती मी त्यांना सांगायला गेले, तर ती त्यांना माझ्याआधीची ठाऊक. पंजाब मेल, १ जून १९१२ पासून चाललेली गाडी, सुरुवातीला व्हीटीहून सुटतच नव्हती. इथूनच, बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरच्या मोल स्टेशनातून सुटायची. विलायतेहून टपालाची बोट लागायची, साहेब लोक उतरायचे आणि धक्क्यावरूनच थेट पेशावरच्या गाडीत चढायचे. भुसावळ, इटारसी, दिल्ली, लाहोर करत जवळजवळ अडीच हजार किलोमीटर. १९१४ पासून ती व्हीटीहून सुटायला लागली. “तेव्हा गाडीची वेळ बोटीला बांधलेली होती,” नाना म्हणाले. “आज मी बोटीसाठी गाडीनं आलो. उलटंच की.”

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मी विचारलं, नाना, तुम्ही एवढे लवकर का निघता? म्हणजे आयुष्यभर? माझी अपेक्षा होती शिस्त वगैरे काहीतरी ऐकायला मिळेल.

“ड्रायव्हर पुढे बघतो,” ते म्हणाले. “त्याला काय, सिग्नल आणि रूळ. गार्ड शेवटच्या डब्यात. हिरवा झेंडा दाखवून झाला, शिट्टी दिली, गाडी हलली की जे राहिले ते फक्त आम्हालाच दिसतात. पाचोऱ्याला एक माणूस होता. हातात तुपाचा डबा, वरून फडकं बांधलेलं. जिन्यावरून धावत आला. डबा सांडू नये म्हणून तो पळताना हात असा धरून होता.” नानांनी दोन्ही हात पोटासमोर धरून दाखवले. “हात मोकळे असते तर त्यानं दांडा धरला असता.”

“मग?”

“मग काय. चाळीसगाव आलं.”

आईनं हे ऐकलेलं असावं, कारण तिनं मान वर केली नाही, चटणीचं झाकण लावत राहिली.

त्याच पाचोऱ्याहून जामनेरला नॅरोगेजची छोटी गाडी जायची, ५६ किलोमीटरची, सगळे तिला ‘पीजे’ म्हणत. तिच्यावरही नानांनी काही महिने काढले. शेंदुर्णीला कुणी म्हातारी शेताच्या बांधावरून हात करताना दिसली की गाडी रेंगाळायची, असं ते हसत हसत सांगतात. मोठ्या लाइनवर आल्यावर ते गेलं. माझ्या मते नानांना पीजेचं वेळापत्रक मनातून जास्त पटत होतं आणि म्हणूनच ते मेन लाइनचं इतकं कडक पाळत. पण हे मी त्यांना विचारलेलं नाही.

नवऱ्याचा फोन साडेनऊपासून चालू होता. त्यानं नेमकी उत्तरेकडून येणारी गाडी धरली होती, कारण तीच त्याला सोयीची पडली. ती पाच तास मागे. पण हा काही भुसावळच्या गार्डाचा मुलगा नव्हे. रात्री गादीवर पडून ॲपवर गाडी कुठे आहे ते बघत राहिला, झोपला, पहाटे उठून आरामात जळगाव स्टेशनवर गेला. साडेनऊला नाशिक. सव्वादहाला इगतपुरी. मग कसाऱ्याला अर्धा तास नुसतीच उभी. माझ्या पोटात गोळा. मी मनातल्या मनात तिघांनी जायचं ठरवूनही टाकलं, त्याच्या तिकिटाचे पैसे बुडाले असं समजून त्याच्यावर चिडूनही झालं. कल्याणनंतर त्यानं फोनच उचलला नाही.

एक वाजून पाच मिनिटांनी टॅक्सीतून उतरला. पाठीला एक सॅक, हातात वेफर्सचा पुडा. आम्ही तीन तास बसून रांगेत घुसत होतो आणि तो येऊन आमच्यामागे उभा राहिला.

“वेळेवर आलो ना?” म्हणाला.

नानांनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटांचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर उमटला आणि गिळलाही गेला. “या जावईबापू,” एवढंच म्हणाले.

आधार कार्ड, तिकीट, बॅगांची तपासणी, फोटो, हातात खोलीचं कार्ड. सगळं मिळून चाळीस मिनिटं. साडेअकराच्या चौकटीतली एक बाई नंतर डेकवर भेटली, तिला दीड तास लागला होता म्हणे, कारण सकाळी सगळेच येऊन उभे. तर माझं एकचं गणित या बाबतीत बरोबर ठरलं. चुकलं ते दुसरीकडे. मोठ्या बॅगा बाहेरच हमालांकडे द्यायच्या असतात, त्यांना खोलीचा नंबर लिहिलेला कागद बांधतात आणि त्या आपल्याआधी किंवा आपल्यानंतर, त्यांच्या मर्जीनं खोलीत पोहोचतात. मी मोकळं वाटावं म्हणून सगळंच देऊन टाकलं. नानांच्या ब्लडप्रेशरच्या दुपारच्या गोळ्यांसकट. बॅग संध्याकाळी सहाला खोलीच्या दाराशी आली. तोवर नाना शांत होते आणि प्रेशर माझं वाढलेलं होतं. कुणी जाणार असेल तर एवढं ऐका: गोळ्या, चष्मा, चार्जर आणि एक जोडी कपडे आपल्या खांद्यावर.

आणि आईचा प्रश्न. जेवणाचा हॉल दुपारी बारापासून उघडा होता, आणि आम्ही आत शिरलो तेव्हा तो आवरायला अर्धा-पाऊण तास राहिला होता. पनीरच्या भांड्यात पळी खरवडून वाढत होते. पहिल्या चौकटीतले लोक पोटभर जेवून खुर्च्यांत पसरले होते. आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, “बरं झालं दशम्या खाल्ल्या.” पुन्हा कधी गेले तर मी बाराची चौकट घेईन. पहिली नाही, एकचीही नाही. लॉजही असा बघेन की जिथं बॅगा ठेवून घेतात.

सुटण्याआधी सगळ्यांना आपापल्या ठरलेल्या जागी बोलावलं. धोक्याची घंटा झाली तर कुठे जमायचं, जॅकेट कसं घालायचं, याची कवायत. लोक कंटाळलेले, कुणी सेल्फी घेतंय, कुणी म्हणतंय आम्ही आत्ताच तर आलो. पूर्वी ही कवायत चढल्यापासून चोवीस तासांत कधीही केली तरी चालायची. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडलं, ३२ माणसं गेली, आणि त्या संध्याकाळीच चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. २०१५ पासून नियम बदलला: सुटण्याआधी किंवा सुटता सुटता, नाहीतर नाही. उशिरा येणाऱ्यासाठी दार आधी का मिटतं, त्यातलं हेही एक कारण मला तिथं उभं राहून पटलं.

धोक्याचा इशारा वाजला. सात आखूड आणि एक लांब. नाना एकदम ताठ झाले.

“आमच्याकडे तीन आखूड,” शेजारच्या अनोळखी माणसाला ते म्हणाले, “म्हणजे गार्डानं ब्रेक लावायचा.” तो माणूस घाबरून बाजूला झाला.

पाचला आम्ही चौघं वरच्या डेकवर. आईला वारा बाधू नये म्हणून तिनं डोक्याला रुमाल बांधलेला. नवरा वेफर्स वाटतोय. खाली धक्क्यावर माणसं दोरांपाशी उभी, पण दोर जागच्या जागी. पाच वाजून पाच झाले, दहा झाले. नाना जहाजाच्या मागच्या कठड्याला गेले आणि धक्क्याकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्याजवळ गेले. धक्का रिकामा होता. एक पिवळी जीप, दोन माणसं, एक कुत्रं. धावत येणारं कुणीही नव्हतं.

पाच वीसला दोर सुटले आणि धक्का हळूहळू बाजूला सरायला लागला. नानांनी खिशातून छोटी डायरी काढली, पेनचं टोपण दातात धरलं आणि लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं.

‘बॅलार्ड पिअर. नियत ५.००. सुटली ५.२०. वीस मिनिटे डिटेन्शन. कारण:’

कारणापुढची जागा मोकळी ठेवून ते म्हणाले, “यांचा गार्ड कुठे बसतो गं? विचारून येतो.”